खुंट्याला लागलेला दुसरा हात

परभणी जिल्ह्यात त्यागाचा तुटवडा कधीच नव्हता. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलेल्या भाकरीवर भागवणारी बाई सेलूच्या जुन्या वाड्यात सापडते, तशी पालमच्या पत्र्याच्या घरातही सापडते. धाकट्या भावाला सांभाळायचं म्हणून सातवीतच शाळा सुटलेली मुलगी गावोगाव आहे. दसरा झाला की गंगाखेड, सोनपेठच्या बाजूने ट्रॅक्टरमध्ये संसार भरून जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. अंगात ताप असो की बाई पोटुशी असो, फडात आलं नाही की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत अंगाची काय दशा होते, हे 2019 साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली तेव्हा महाराष्ट्राने वाचलं. ही सगळी माणसं दुसऱ्यासाठीच झिजतात. त्यांना कोणी विचारलेलं मात्र नसतं.

अशा जिल्ह्यात बसून ‘इतरांसाठी आत्मत्याग ही ख्रिस्ती श्रद्धेची खूण आहे’ असं म्हणायचं, तर आधी एका प्रश्नाला भिडावं लागतं. त्याग कोणी करायचा? ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही आहे त्याने, की ज्याच्याकडून सगळं आधीच काढून घेतलं गेलंय त्याने? प्रवचनं बहुधा दुसऱ्याला उद्देशून होतात, कारण तो निमूट ऐकून घेतो. माझं म्हणणं असं आहे की ख्रिस्ताच्या गोष्टीचा रोख पहिल्याकडे आहे. तिथे त्याग म्हणजे वरच्या जागेवरून स्वतःहून खाली उतरणं, आणि उतरण्याचा हेतू एकच, खालच्या माणसावर लादलेला त्याग थांबावा. समोरच्याचं ओझं ज्याने तसूभरही हलत नाही, त्या त्यागाला मी श्रद्धेचा पुरावा मानायला तयार नाही, मग तो करणाऱ्याला कितीही यातना झालेल्या असोत.

पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात हा विचार स्वच्छ आहे. देवाच्या बरोबरीचं स्थान असलेल्याने ते धरून ठेवलं नाही, स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं आणि मग क्रूसापर्यंत गेला. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी स्थान सुटतं, मरण नंतर येतं. ख्रिस्ती चित्रकलेने आणि भजनांनी मरणावरच नजर खिळवली, त्यामुळे रक्त, काटे, खिळे डोळ्यांसमोर येतात आणि पहिली पायरी मागे पडते. सुताराच्या घरी जन्म, कोळ्यांच्या संगतीत वावर, कुष्ठरोग्याला हात लावणं, शोमरोनी बाईकडे पाणी मागणं, हा सगळा उतरण्याचाच भाग आहे. क्रूस त्याच्या टोकाला येतो.

परभणीच्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. गोदावरीच्या काठचं गंगाखेड हे जनाबाईचं गाव. नामदेवाच्या घरची ही दासी. तिच्याविषयी आपल्या आज्यांनी जात्यावर बसून जे सांगितलं, त्यात विठ्ठल तिच्यासमोर बसतो, खुंट्याला हात लावतो आणि दळू लागतो. तिची शेणी वेचतो, पाणी भरतो. ‘जने, तुझे कष्ट किती थोर’ असं म्हणून तो तिला राऊळातून आशीर्वाद देत बसत नाही. तो येतो आणि दळण अर्धं होतं. कष्टाचा गौरव करणारा देव आणि कष्ट वाटून घेणारा देव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मराठी भक्तीने दुसरा निवडला. नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, ते मला म्हणूनच पटतं. हाच उतरणारा देव त्यांनी आधी अभंगांत पाहिला होता. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यांनी तेच केलं. जागा सोडली.

त्यागाचे दोन प्रकार एकाच घरात, एकाच डोंगरावर समोरासमोर पाहायचे असतील तर पंडिता रमाबाईंनी लिहिलेल्या दुष्काळाच्या आठवणी वाचाव्यात. 1874च्या सुमाराची गोष्ट. अनंतशास्त्री डोंगरे, पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलं दक्षिणेत पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरत होती. दुष्काळ पडला, गाठीचे पैसे, भांडी, दागिने सगळं गेलं. तिरुपतीच्या बाजूच्या रानात पाल्यावर दिवस काढायची पाळी आली. विद्वान ब्राह्मणाने मजुरी करायची नाही आणि भीकही मागायची नाही, हा घराचा बाणा. अखेर दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्या शास्त्र्यांनी पवित्र तळ्यात देह ठेवायचं ठरवलं. शास्त्राच्या दृष्टीने तोही मोठाच त्याग. पण त्याने कोणाच्या तोंडात घास पडणार होता? त्या वेळी मुलगा श्रीनिवास पुढे झाला. जातीचा ताठा सोडून मी मजुरी करतो, म्हणाला, आणि चालता न येणाऱ्या बापाला पाठीवर घेऊन डोंगर उतरून गावात न्यायचं त्याने ठरवलं. बापाने प्राण सोडायची तयारी केली होती. मुलाने ताठा सोडला. त्या मुलाला ख्रिस्ताचं नावही त्या वेळी जवळचं नव्हतं. तरी पौल म्हणतो त्या उतरण्याच्या जास्त जवळ मला तोच दिसतो.

वडील काही दिवसांतच गेले. थोड्या आठवड्यांनी आई गेली, तेव्हा तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा श्रीनिवास, चौथी सोळा वर्षांची रमा. ती उंचीला कमी असल्याने खांद्याची पातळी जमेना, म्हणून तिने आपल्या बाजूचं ओझं डोक्यावर घेतलं आणि स्मशानापर्यंत तसंच नेलं. पुढे बहीणही गेली. भावंडं पायी हिंडत उत्तरेपर्यंत पोचली. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नाही म्हणून वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. हे सगळं वाट्याला आलेलं होतं, त्यातलं काहीच तिने निवडलेलं नव्हतं. म्हणून मी याला त्याग म्हणत नाही. त्याग पुढे सुरू होतो, निवड हातात आल्यावर.

निवड हातात आली तेव्हा रमाबाईंकडे सोडण्यासारखं पुष्कळ होतं. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिलेली, पुण्याच्या सुधारकांनी डोक्यावर घेतलेलं, पुढे इंग्लंड-अमेरिकेतही नाव झालं. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांना ओढून नेणारी गोष्ट तत्त्वज्ञानाची नव्हती. वॉन्टेजच्या मठातल्या भगिनी फुलहॅमला ज्या बायकांमध्ये काम करत, त्यांना ‘पतित’ म्हणून समाजाने टाकलेलं होतं. मोठ्या घरच्या बायका त्यांच्यात राहतात, त्यांना माणसासारखं वागवतात, हे रमाबाईंनी पाहिलं. असं का करता, म्हणून विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली. आणि त्याच भगिनींशी, बिशपांशी त्रैक्याच्या सिद्धान्तावरून रमाबाई पुढे पत्रांतून कडाडून भांडल्या. हे मला फार मोलाचं वाटतं. ख्रिस्ती त्याग म्हणजे बुद्धी गहाण टाकणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती पत्रं वाचावीत. त्यांनी मान सोडला, पण आपलं मत सोडलं नाही.

1889 साली रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं; ते पुढे पुण्याला हललं. पहिल्या विद्यार्थिनींतली गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली आणि हिंगण्याच्या कामाला उभी राहिली. विधवेला त्या काळी जन्मभर काय शिकवलं जाई? केशवपन, एकवेळ जेवण, घरच्या सगळ्यांची सेवा. त्यागाचाच धडा, तोही वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून. रमाबाईंनी त्या त्यागाला पुण्य म्हणायला साफ नकार दिला. त्यांनी स्वतःच्या जिवाचं जे केलं, ते या मुलींना तसं जगावं लागू नये म्हणून. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. कामावरच्या छावण्यांतून, धर्मशाळांतून बेवारस मुलींना कोण उचलून नेतं, हे त्यांना ठाऊक होतं. सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने केडगावच्या माळावर तंबू आणि छपरं पडली. शारदा सदनात वाढलेल्या मुलींनी या नव्या मुलींच्या अंगावरच्या उवा काढल्या, जखमा धुतल्या. 1900च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या या मुक्ती सदनाचं कुटुंब दोन हजारांच्या घरात गेलं. विहिरी खोदल्या, माग चालले, छापखाना चालला, तेलाचा घाणा फिरला. त्याच काळात प्लेगच्या सरकारी छावणीत मुलींशी होणाऱ्या वर्तनाविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात लिहून मुंबई सरकारचा रोषही ओढवून घेतला.

त्याच दुष्काळांनी आमच्या जिल्ह्याचं काय केलं ते जनगणनेच्या आकड्यांत आहे. 1891 साली निझामाच्या परभणी जिल्ह्यात सुमारे 8 लाख माणसं होती, 1901 साली ती साडेसहा लाखांच्या आसपास उरली. छप्पनच्या (संवत 1956) दुष्काळाच्या गोष्टी म्हातारी माणसं अलीकडेपर्यंत सांगत. मेलेल्यांपैकी किती जणांनी शेवटची भाकरी लेकराला दिली असेल, याची नोंद कुठे नाही. अशा माणसांना ‘त्यागी’ म्हणून गौरवणं हा मला त्यांचा अपमान वाटतो. त्यांना भाकर हवी होती.

केडगाव दूर वाटत असेल तर जालना जवळ आहे. त्या जिल्ह्यातलं परतूर तर 1981 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झाला. त्याच्या अज्ञान भावाच्या, श्रीपतच्या, प्रकरणाने तेव्हा मुंबई ढवळून निघाली. कोर्टाने श्रीपतला बापाच्या स्वाधीन केलं, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. नारायणराव पुढे पाद्री झाले आणि निझामाच्या मुलखात आले. दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभारली. वस्तीतली बहुसंख्य कुटुंबं मांग समाजाची होती. त्या काळात ज्यांची सावली टाळायची, त्यांच्या अंगणात आपलं घर बांधायचं आणि 1891 साली मरेपर्यंत तेच आपलं काम मानायचं, याची किंमत आज मोजता येणार नाही. ते विलायत-अमेरिकेची व्याख्यानं गाजवून आलेले गृहस्थ होते. मुंबईत राहून त्यांना मानाने जगता आलं असतं.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते खरे आहेत. पहिला धर्मांतराचा. 1893 साली शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कोणावर सक्ती केली नाही, पण माझ्या खोलीचं दार मी लावून घेणार नाही. शारदा सदनाच्या बाबतीत मला त्यांची बाजू पटते. दुष्काळातून आणलेल्या मुलींच्या बाबतीत प्रश्न अवघड आहे. ज्या हाताने खायला दिलं त्याच हाताला धरून पोरगी प्रार्थनेला बसली, तर ती निवड किती मोकळी? सेवेच्या बदल्यात काही हवं असेल, मग तो बाप्तिस्मा का असेना, तर तो व्यवहार झाला. आणि हा निकष बाहेरच्या टीकाकाराचा नाही, शुभवर्तमानातलाच आहे. परतफेड करता येणार नाही अशांनाच जेवायला बोलवा, असं तिथे सांगितलंय. लुटल्या गेलेल्या वाटसरूला उचलणारा शोमरोनी धर्मशाळेवाल्याला दोन नाणी देतो, जास्त लागले तर परतताना देईन म्हणतो आणि निघून जातो. जखमी माणूस शुद्धीवर येऊन कोणत्या देवाचे आभार मानतो, ते पाहायला तो थांबत नाही. मिशनांच्या इतिहासात असे निघून जाणारे थोडे आणि थांबून मोजणारे बरेच होते, हे ख्रिस्ती माणसाने मान्य करावं. पण ज्यांनी त्या पोरींना आपल्या घरातलं ताटही दिलं नाही, त्यांनी रमाबाईंच्या हेतूची झाडाझडती घ्यावी, हे मला न्यायाचं वाटत नाही.

दुसरा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा, आणि तो जास्त खोल जातो. मिशनऱ्यांच्या शिक्षण-आरोग्याच्या कामाची कदर करूनही त्यांनी विचारलं की या शाळा-कॉलेजांचा लाभ कोणाला झाला? मोठ्या प्रमाणात वरच्या जातींना, असं त्यांचं उत्तर होतं. आणि अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेल्याची जात गेली का? नाही गेली. थोडक्यात, त्याग झाला, पण ज्याच्यासाठी तो व्हायला हवा होता त्याच्यापर्यंत पोचला नाही. मराठवाड्यात हे आजही चालू आहे, उलट्या दिशेने. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताचा अनुसूचित जातीचा हक्क जातो. शिखांना तो 1956 साली मिळाला, बौद्धांना 1990 साली. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. वस्तीतल्या एखाद्या मांग ख्रिस्ती कुटुंबाला लेकराच्या फीसवलतीसाठी श्रद्धा कागदावर झाकावी लागते किंवा सवलत सोडावी लागते. हाही लादलेलाच त्याग आहे. शहरातल्या मोठ्या चर्चमधून यावर जेवढा आवाज उठायला हवा, तेवढा उठलेला नाही.

तिसरा आक्षेप ख्रिस्ती बायकांचा, आणि तो मला सगळ्यांत टोचतो. ‘आपला क्रूस उचल आणि सोस’ हे वाक्य दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला किती पाद्र्यांनी ऐकवलं असेल! अमेरिकेतल्या गुलामांना मालकांच्या धर्मोपदेशकांनी हेच सुनावलं. येशूने क्रूस स्वतः उचलला, दुसऱ्याच्या खांद्यावर दिला नाही. आपल्या जागेवर बसून राहिलेला माणूस खालच्याला त्याग शिकवतो, तेव्हा तो ज्यांनी तो क्रूस केला त्यांच्या पंगतीला बसतो.

यावर कोणी म्हणेल की मग प्राण देणाऱ्यांचं काय, ते कमी का? कमी नाहीत. 1941 साली आउशवित्झच्या छळछावणीत उपासमारीने मारण्यासाठी दहा कैदी निवडले गेले. त्यांतल्या फ्रांचिशेक गायोव्हनिचेक याने बायको-मुलांचं नाव घेऊन आकांत केला. मॅक्सिमिलियन कोल्बे हा पाद्री रांगेतून पुढे आला आणि त्याच्या जागी गेला. गायोव्हनिचेक 1995 पर्यंत जगला. 1982 साली कोल्बेला संतपद दिलं गेलं त्या समारंभाला तो हजर होता. कोल्बेच्या मरणाला अर्थ आहे तो या उरलेल्या त्रेपन्न वर्षांमुळे. ज्याचा बळी ठरला होता, तो सुटला. अनंतशास्त्र्यांनी तळ्यात देह ठेवला असता तर कोण सुटलं असतं, हा प्रश्न मी पुन्हा विचारतो.

परभणीत ख्रिस्ती कुटुंबं मूठभर. कॅथलिक व्यवस्थेत हा जिल्हा 1977 साली झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. खेड्यातल्या मंडळ्यांतली बरीच माणसं स्वतःच मजुरीवर जगणारी आहेत. त्यांना मी त्याग सांगणार नाही. ज्यांच्याकडे सोडण्यासारखं आहे त्यांना सांगेन. मराठवाड्याच्या शहरांत ख्रिस्ती संस्थांच्या इंग्रजी शाळा आहेत. तिथे प्रवेशासाठी अधिकाऱ्यांच्या, डॉक्टरांच्या, व्यापाऱ्यांच्या रांगा लागतात. शाळेची प्रतिष्ठा त्या रांगेवर उभी आहे, आणि बाबासाहेबांचा प्रश्नही तिथेच उभा आहे. समजा अशा एका शाळेने वर्गातल्या दहा जागा ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी ठेवल्या. हंगामाचे पाच-सहा महिने त्यांना आवारातच राहायला, जेवायला दिलं. कोणाच्या गळ्यात काय आहे ते विचारलं नाही, कोणाला प्रार्थनेला बसवलं नाही. काय होईल? फी भरणारे काही पालक नाराज होतील. ‘आमच्या मुलांच्या शेजारी कोण बसतंय’ अशी कुजबुज सुरू होईल. निकालाची टक्केवारी दोन-तीन वर्षं घसरेल. काही जण मुलं काढून नेतील, 1893 साली पुण्यात नेली तशी. सिस्टरला, फादरला संस्थेच्या बैठकीत जाब द्यावा लागेल. एवढी किंमत मोजावी लागेल, आणि ती मोजणारा माणूस खुर्चीवरचा असेल.

सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत की, असं म्हणून हात झटकता येतील. ती आहेत, आणि ती नीट चालावीत म्हणून भांडलंही पाहिजे. पण वसतिगृहात भाकरी मिळते, शेजार मिळत नाही. कलेक्टरच्या मुलीच्या बाकावर सोनपेठच्या तांड्यावरची मुलगी बसली, तर बदल दोघींच्या घरात होतो. गावात एकटी मागे ठेवायची भीती म्हणून मुलीला फडावर नेतात. तिथे ती कोपीत धाकट्यांना सांभाळते, पाणी आणते, मोळ्या बांधते, आणि पंधराव्या वर्षी तिचं लग्न लावलं की मुकादमाला एक नवा कोयता मिळतो, उचलही दुप्पट होते. मुलगी शाळेच्या आवारात सुरक्षित आहे हे आईला फडावर माहीत असेल, तर त्या लग्नाची घाई करायला त्या घराकडे निम्मी कारणंही उरत नाहीत.